आधीच्या मालकाचा हात

जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी तिच्या मागं जातो. बॉनेट नंतर. आमच्या शाहूवाडी तालुक्यात विकायला निघणाऱ्या जुन्या जीपगाड्यांपैकी बऱ्याच एके काळी वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला होत्या, आणि वडापची सगळी कहाणी मागच्या पायरीवर लिहिलेली असते. आत जागा उरली नाही की माणसं त्या पायरीवर उभी राहून यायची. पायरीचा पत्रा मधोमध खाली दबलेला दिसला, की मी वाकून मागचे पाटे मोजतो. कंपनीनं दिलेल्या पाट्यांत एखाद-दुसरा जादा भरलेला असतो. त्याचा गंज इतरांपेक्षा वेगळा दिसतो, त्यामुळं ओळखू येतो. मग पाटे चेसिसला जिथं धरतात त्या ब्रॅकेटभोवती बोट फिरवायचं. तिथं वेल्डिंगची गाठ हाताला लागली, तर समजायचं की चेसिसला चीर गेली होती आणि ती सांधून घेतलेली आहे. तोवर विकणारा नवीन सीटकव्हर दाखवत असतो.

शेतीच्या जोडीला जुन्या गाड्या घ्यायच्या, त्यांची कामं काढायची, स्वतः चालवायच्या आणि पुढं गरजवंताला द्यायच्या, हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. हौसेतून सुरू झाला, पुढं त्यात चार पैसेही मिळू लागले. जीप, टाटा ४०७, मारुती ८००, पिकअप अशा गाड्या आमच्या अंगणात आल्या आणि गेल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. मॉडेल, रंग आणि मीटरवरचा आकडा यांपेक्षा गाडी कुणाच्या हातात होती आणि तिनं काय काम केलं, यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. जुनी गाडी घेताना आपण आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो. वेळच्या वेळी ऑइल बदलणाऱ्याची गाडी वीस वर्षांनीही काम देते आणि नुसतं डिझेल ओतून पळवणाऱ्याची पाच वर्षांत खिळखिळी होते.

आमचा तालुकाही गाडीची परीक्षा घेतो. कोल्हापूरहून रत्नागिरीकडं निघालं की बांबवडे, मलकापूर करत रस्ता आंब्याला पोचतो आणि घाट उतरून साखरप्याला कोकणात शिरतो. या महामार्गाच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत. वारणा, कडवी, कासारी या नद्यांची खोरी, गजापूरवरून विशाळगडाला जाणारा रस्ता, अणुस्कुऱ्याकडची वाट आणि या सगळ्यांत विखुरलेल्या वाड्यावस्त्या. पावसाळ्यात पश्चिम भागात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. लाल चिखल चेसिसच्या घड्यांत जाऊन बसतो. एसटी जिथं दिवसातून मोजक्या वेळा यायची, तिथं बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जायचं साधन म्हणजे वडाप. महिंद्राच्या कमांडर आणि मार्शल, बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्यांनी आमच्या भागातली माणसं, शेळ्या, खताची पोती आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली.

या जीपगाड्यांचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुट्या भागांतून ती जोडायला सुरुवात केली, आणि तोच घाट पुढं कित्येक दशकं वेगवेगळ्या अंगांनी बाजारात येत राहिला. पुढच्या काळात या गाड्यांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचं एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं. ताकद बेताची, आवाज मोठा, पण पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि अनुभवी कान एवढ्यावर दुरुस्त होणारं. टाटा ४०७ पुण्याच्या कारखान्यातून १९८६ मध्ये बाहेर पडली. तिचं पुढच्या काळातलं ४९७ इंजिनही तसंच, चार सिलिंडरचं आणि तीन लिटरच्या आसपासचं. या गाड्या आमच्याकडं इतकी वर्षं टिकल्या, कारण त्या खोलता येणारी माणसं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत होती.

गाडीनं काय वाहिलं, हे कळलं की कुठं बघायचं ते कळतं. दूध कुणासाठी थांबत नाही, म्हणून दुधाच्या गाडीचं इंजिन मालक चांगलं ठेवतो. पण रोज सांडणारं दूध आणि हौदा धुतल्याचं पाणी खालच्या आडव्या चॅनेलांत मुरतं, आणि तिथलं लोखंड पोखरून निघतं. तिथं मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं हलकं टोचून बघतो. गुळाची गाडी हंगामात कोल्हापूरच्या मार्केट यार्डात खेपा मारते आणि पावसाळाभर उभी असते. उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, टाकीत पाणी साठून गंज सुटतो आणि तोच पुढं डिझेल पंपात जातो. उसाच्या गाडीवर कायम जादा भार पडलेला असतो. मागचे टायर एकाच बाजूनं घासलेले दिसले की हाउसिंग वाकल्याची शंका घ्यायची. बॉक्साइटच्या खाणीवर राबलेल्या गाडीचा एअर फिल्टर आधी उघडायचा. फिल्टरच्या पुढच्या नळीत आतून लाल धूळ सापडली, तर ती धूळ इंजिनातही गेली आहे आणि रिंगा घासल्या आहेत, हे नक्की.

नंबरावरूनही अंदाज येतो. एमएच-०८ ची गाडी रत्नागिरीकडची. तिथल्या खाऱ्या हवेनं दरवाज्याची खालची कड आणि पुढच्या काचेखालचा पत्रा खाल्लेला असतो, वरून रंग कितीही ताजा असो. पुण्या-पिंपरीच्या गाड्या हायवेवर पळालेल्या असतात, म्हणजे किलोमीटर जास्त पण झीज कमी. अलीकडं दिल्लीच्या गाड्याही बाजारात दिसतात. राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच आदेश लागू करायला सांगितला. मग तिकडच्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत स्वस्तात निघाल्या. कोरड्या हवेतल्या असल्यानं पत्रा बहुधा चांगला असतो. पण महाराष्ट्राचा कर आणि नव्या नोंदणीचा खर्च धरल्याशिवाय त्या स्वस्त म्हणता येत नाहीत.

गाडी कुणाचीही असो, मी आदल्या दिवशी फोन करून एकच विनंती करतो.

"पाव्हणं, सकाळी लवकर येतो. मी येईपर्यंत गाडी चालू करू नका."

"का ओ? चालू केली म्हणून काय झालं?"

"गार इंजिन बघायचंय."

गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं, तर समोरच्यानं काहीतरी लपवण्यासाठी गाडी आधीच तापवून ठेवली आहे. गार असेल, तर हीटर देऊन सेल्फ मारायचा आणि एक्झॉस्टकडं बघत राहायचं. जुन्या डिझेलला गारठ्यात पहिल्यांदा थोडा पांढरा धूर येतो, तो पाच मिनिटांत गेला पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा हवेच्या वाटेचं दुखणं. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढायचं. तिथून भसाभसा धूर बाहेर आला, तर कॉम्प्रेशन खाली निसटतंय, आज ना उद्या इंजिनचं काम काढावंच लागणार. पॅडलचं रबर, स्टिअरिंगची पकड आणि ड्रायव्हरच्या सीटचा कोपरा मीटरवरच्या आकड्याशी जुळतात का, तेही बघायचं. मीटर मागं घेणारे पॅडल बदलायला सहसा विसरतात.

आमच्या जिल्ह्यात पुरानं गाडीपारखीत एक धडा वाढवला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा पात्राबाहेर पडली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, कोल्हापूर आणि सांगलीत घरं आणि वाहनं पाण्याखाली गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर वर्षभर बाजारात चकचकीत आणि आश्चर्य वाटावं इतक्या स्वस्त गाड्या येत राहिल्या. पुरातली गाडी ओळखायची रीत साधी आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डागाची रेघ असते, कारण धुणाऱ्यानं तिथपर्यंत पट्टा ओढलेला नसतो. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगच्या जोडावर बोट फिरवायचं, हिरवट पूड लागते. स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ राहतो. मी अशी एक पेट्रोल कार ओळखीच्या माणसासाठी बघायला गेलो होतो. तिच्या हेडलाइटच्या आत, काचेच्या तळाशी, वाळलेल्या पाण्याची सरळ रेषा होती. आम्ही चहा घेऊन परत आलो. पुरात सापडलेल्या माणसाविषयी मला सहानुभूतीच आहे, त्यानं गाडी विकूही नये असं नाही. पण तिच्यात पाणी गेलं होतं, हे घेणाऱ्याला सांगितलं पाहिजे. अशा गाडीचं वायरिंग कधी दगा देईल याचा नेम नाही, आणि आंबा घाटात रात्री दिवे गेले तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

कागदांच्या बाबतीत मी इंजिनापेक्षाही कडक आहे. चेसिस नंबरवर कापूस फिरवून, तो पुसून, आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवायचं. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आहे का बघायचं. बँकेचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा उतरलेला असतोच असं नाही, त्यासाठी ३५ नंबरचा फॉर्म लागतो. ऑनलाइन दंड, कर, विमा सगळं तपासायचं. पण आमच्या बाजारातली सगळ्यात वाईट सवय म्हणजे सह्या करून ठेवलेले मालकी बदलाचे टीटी फॉर्म. मूळ मालक २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही करून देतो, आणि त्या कागदांवर गाडी तीन-चार हात फिरते. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. अशा गाडीचा अपघात झाला तर काय होतं? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी त्यानं कितीदा विकलेली असो. कायद्यानं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. मी विकणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हे बसून समजावतो. "मामा, पैसे मिळाले म्हणून गाडी सुटली असं नाही. नाव उतरेपर्यंत ती तुमचीच."

घेतल्यावर पहिला खर्च कशावर करायचा, याबद्दल माझं मत ठाम आहे. आधी ब्रेक, मग टायर, मग स्टिअरिंगचे जोड. रंग आणि टेप सगळ्यात शेवटी. तरुण पोरं उलटं करतात, आणि ते बघून मला काळजी वाटते.

इंजिनचं काम निघालं की वाट कोल्हापूरच्या उद्यमनगरकडं. एका कमांडरचं पूर्ण काम मी तिथं आणि आमच्या मेस्त्रींच्या गॅरेजात करून घेतलं. क्रँक ग्राइंडिंगला एकीकडं, हेड लेव्हलला दुसरीकडं, पंप आणि नोझल तिसरीकडं. उद्यमनगरात प्रत्येक कामाचा माणूस वेगळा, आणि हाताला पिढ्यांची सवय. कोल्हापुरात फौंड्र्या आणि इंजिनांची परंपरा जुनी आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती त्यातूनच वाढल्या. सगळे भाग परत आल्यावर मेस्त्रींनी जुळणी सुरू केली. नवीन रिंग थेट पिस्टनवर चढवली नाही. आधी एकटी रिंग लायनरमध्ये ठेवली, पिस्टन उलटा घालून ती सरळ खाली सरकवली, आणि तिच्या दोन टोकांतल्या फटीत फिलर गेजची पातळ पट्टी घातली. पट्टी अडकली. दुसरी, आणखी पातळ. मग रिंग काढून टोकावर कानशीचे दोन हलके हात मारले आणि पुन्हा मोजलं. प्रत्येक रिंगेला हेच. "दादा, फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांवर येत्यात, लायनरला ओरखडा. जास्त राहिली तर धूर. हितं घाई केली की गाडी सहा महिन्यांत परत दारात." संध्याकाळपर्यंत त्यांचं बाकीचं गिऱ्हाईक वाट बघत उभं होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. त्या इंजिनला पुढं दोन पावसाळे मी ऑइलचा थेंबही वरून घातला नाही.

चालवण्याचं खरं शिक्षण मला जुन्या ४०७ नं आंबा घाटात दिलं. भरलेली गाडी घेऊन साखरप्याकडं उतरायचं म्हणजे गिअर माथ्यावरच ठरवायचा. ज्या गिअरात हा चढ चढली असती, त्याच गिअरात उतरवायची. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणाला लागतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करून उतरणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकची व्हॅक्यूमची मदत जाते, पॅडल दगडासारखं घट्ट होतं. सतत पाय ठेवला तर ड्रम तापतात, लायनिंगचा जळका वास येतो आणि मग पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. पावसाळ्यात आंब्याला धुकं उतरलं की दहा फुटांपुढं दिसत नाही, दरडीची माती रस्त्यावर येते. अशा वेळी जुन्या गाडीत कान उघडे ठेवावे लागतात. चाकातून येणारा बारीक कर्रर्र आवाज, क्रॉस ढिला झाल्याचा टक्क असा ठोका, क्लच सोडताना येणारी थरथर, हे सगळं गाडी सांगत असते. आवाज बदलला की मी सुरक्षित जागा बघून थांबतो, उतरतो, बघतो. नव्या गाडीत हे काम सेन्सर करतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्या हवेसाठी चांगल्या आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्यात बिघाड कुठं आहे हे कळायलाच संगणक जोडावा लागतो, आणि तो संगणक अजून वाडीवरच्या गॅरेजात पोचलेला नाही.

पाऊस संपला की दसऱ्याच्या आधी मी सगळ्या गाड्या खालून धुऊन घेतो. चेसिसच्या घड्यांतला लाल चिखल काडीनं उकरून काढायचा, दोन दिवस वाळू द्यायचं, गंज घासायचा, प्रायमर मारायचा. काहीजण सरसकट जळकं ऑइल मारतात. ते ब्रेकवर आणि रबरी बुशांवर गेलं तर नुकसान करतं, त्यामुळं मी ते टाळतो. खंडेनवमीला गाड्यांना झेंडूचे हार पडतात. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक रस्त्यावर येते आणि लोक तिला बघायला गर्दी करतात. १९३० च्या दशकातली ती गाडी आजही स्वतःच्या चाकांवर चालते, कारण तिची निगा राखलेली आहे. राजाच्या गाडीला जो नियम, तोच आमच्या ४०७ ला.

सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगारात काढण्याचं धोरण जाहीर केलं आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या कारच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर नेली. शहराच्या हवेचा विचार केला तर त्यामागचं कारण मला पटतं, आणि ब्रेक नसलेली, धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून उतरलीच पाहिजे. पण गाडीचं वय आणि गाडीची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी रोज बघतो. ज्या शेतकऱ्याला नवी पिकअप परवडत नाही, त्याच्या भाजीची, दुधाची, आजारी माणसाची सोय जुन्या गाडीवरच आहे. खरी, कसून केलेली तपासणी असू द्या. त्यात जी पास होईल ती चालू द्या.

गाडी विकायची वेळ आली की मी तिच्याबरोबर वही देतो. त्यात ऑइल कधी बदललं, कुठलं बेअरिंग टाकलं, कुठल्या मेस्त्रींनी काय काम केलं आणि काय काम अजून बाकी आहे, हे सगळं लिहिलेलं असतं. दुसरा गिअर खेचताना सुटतो, असं लिहिलं तर किंमत दोन-पाच हजारांनी उतरते. उतरू दे. घेणारा बहुधा आमच्याच खोऱ्यातला असतो, आणि त्याची पोरंबाळं त्याच गाडीतून घाट उतरणार असतात. त्याच आठवड्यात मी त्याच्याबरोबर आरटीओला जातो आणि नाव लावून देतो.

तालुक्यातली पोरं हल्ली मला विचारतात, जुनी गाडी घ्यावी का? मी म्हणतो, जरूर घ्या. पण हाताशी चांगला मेस्त्री ठेवा, त्याच्या शेजारी उभं राहून काम बघा, शक्य असेल तर आयटीआयला जाऊन ते रीतसर शिका, कारण अशी माणसं कमी होत चालली आहेत. आणि पहिल्या दिवसापासून वही घाला. उद्या तुमची गाडी कुणीतरी घेणार आहे, आणि तो तुमच्या सवयींचे पैसे मोजणार आहे.